लेन्स प्रीलोडेडच हवी का? साखळीहून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

गोव्यातल्या साखळीहून एका गृहस्थांनी विचारलंय. आई ६८ वर्षांची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. एका डॉक्टरांनी फोल्डेबल, म्हणजे दुमडता येणारी, लेन्स सुचवली. ती कार्ट्रिज नावाच्या नळीत भरून डोळ्यात सोडतो म्हणाले. दुसरीकडे प्रीलोडेड, म्हणजे आधीच भरून आलेली, लेन्स सांगितली. तिला कुणाचा हात लागत नाही म्हणून ती जास्त सुरक्षित, आणि साडेचार हजार रुपये जास्त. त्यातच शेजारचे काका म्हणाले, 'माझी पंधरा वर्षांपूर्वी चिमट्याने घातली, अजून पेपर वाचतो.' आता घरात तीन मतं झाली आहेत आणि आई 'मला नकोच ते ऑपरेशन' म्हणून बसली आहे.

मी फोंड्यात गेली बावीस वर्षं मोतीबिंदूची ऑपरेशनं करते. हा प्रश्न ओपीडीत मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. तिथे बाहेर रांग असते, पाच मिनिटांत उत्तर द्यावं लागतं आणि ते अपुरं राहिल्याची रुखरुख लागते. म्हणून इथे सवडीने लिहिते. आईंचा डोळा मी तपासलेला नाही, तेव्हा 'अमुकच करा' असं सांगणार नाही. काय कशावर अवलंबून आहे आणि मी स्वतः कसा विचार करते, तेवढं सांगते.

आधी गुंता सोडवू. तुम्ही विचारलंत साधनाबद्दल, पण तीन माणसांनी तुम्हाला तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. लेन्स कोणती, ती आत जायला वाट केवढी केली, आणि त्या वाटेने ती कशातून नेली, या त्या तीन गोष्टी. काकांची लेन्स बहुधा वेगळ्या जातीची होती, त्यांचं ऑपरेशनही वेगळं होतं, म्हणून साधन वेगळं. त्यांच्या चिमट्याची आणि तुमच्या प्रीलोडेडची तुलना होऊ शकत नाही. तुमच्यापुढे खरी निवड एवढीच आहे : एकाच प्रकारची घडीची लेन्स ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरातल्या, सिस्टरने भरायची, की कारखान्यातून भरून आलेली घ्यायची.

लेन्स जाऊन बसते कुठे, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. आपलं नैसर्गिक भिंग एका पारदर्शक, अतिशय पातळ पिशवीत असतं. मोतीबिंदू म्हणजे त्या पिशवीतलं भिंग गढूळ होणं. ऑपरेशनमध्ये आम्ही पिशवीच्या पुढच्या बाजूला पाच-साडेपाच मिलिमीटरचं गोल तोंड करतो, आतलं गढूळ भिंग काढतो आणि पिशवी जागेवर ठेवतो. तिची मागची भिंत सुमारे ४ मायक्रॉन जाडीची, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. नवी लेन्स या भिंतीला टेकून राहायची असते. लेन्सचा मधला गोल भाग ६ मिलिमीटरचा आणि दोन बाजूंचे वाकडे पाय धरून लांबी साडेबारा-तेरा मिलिमीटर. फेको या पद्धतीत (ती काय ते पुढे येतं) बुबुळाच्या कडेला घेतलेली चीर मात्र २.२ ते २.८ मिलिमीटर. अडीच मिलिमीटरच्या दारातून ६ मिलिमीटरची वस्तू आत न्यायची, तीही ४ मायक्रॉनच्या पडद्याला धक्का न लावता. लेन्स घालण्याची सगळी साधनं या एका अडचणीतून जन्मली.

ही अडचण सुरुवातीला नव्हतीच. २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात कृत्रिम लेन्स ठेवली. महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत ॲक्रिलिक प्लास्टिकचे कण घुसले होते आणि डोळा ते निमूट सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्याच जातीच्या प्लास्टिकची ती लेन्स कडक होती. तेव्हा चीर मोठीच असायची, त्यामुळे चिमट्यात धरून ती सरळ आत जाई. मग १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी फेको आणलं. मोतीबिंदू कंपनांनी फोडून बारीक नळीने शोषून घ्यायचा. चीर तीन मिलिमीटरवर आली. पण लेन्स अजून कडकच! मोतीबिंदू लहान चिरेतून काढायचा आणि लेन्स घालायला तीच चीर परत दुपटीने वाढवायची, असा प्रकार कितीतरी वर्षं चालला. १९८४ मध्ये थॉमस मॅझोको यांनी सिलिकॉनची मऊ लेन्स दुमडून घातली, तेव्हा कुठे ती गाठ सुटली. मी पेशंटना सांगते, हळदीच्या पानावर सारण पसरून आपण पातोळी मुडपतो ना, तशी. गोव्यातल्या कुठल्याही आजीला हे एका क्षणात कळतं.

आता काकांचा चिमटा. पंधरा वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन बहुधा स्मॉल इन्सिजन पद्धतीने झालं असणार. त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करतात, मोतीबिंदू अख्खा बाहेर घेतात आणि कडक लेन्स चिमट्याने धरून आत सरकवतात. बोगदा तिरका असल्याने डोळ्याच्या दाबानेच मिटतो, सहसा टाका लागत नाही. ही पद्धत जुनाट किंवा गरिबांची म्हणून कुणी नाक मुरडलं तर मला वाईट वाटतं. मोतीबिंदू पिकून तपकिरी, दगडासारखा झाला असेल तर फेकोच्या कंपनांनी बुबुळाच्या आतल्या पेशींना इजा होऊ शकते. अशा डोळ्यात मी आजही काही वेळा हीच पद्धत निवडते. भारतात कडक लेन्स स्वस्त झाली त्यात मदुराईच्या ऑरोलॅबचा मोठा वाटा आहे. १९९२ मध्ये त्यांनी लेन्स बनवायला घेतल्या. त्याआधी लेन्स बाहेरून यायच्या आणि सामान्य माणसाला झेपत नसत. मोतीबिंदू काढायचा आणि +१० नंबरचा जाड चष्मा लावायचा, हाच शिरस्ता. पेडण्यात, सत्तरीत तसे चष्मे लावलेल्या आज्या मी लहानपणी पाहिल्यात. समोर ताट वाढलं तरी हात भलतीकडे जायचा.

घडीची लेन्सही सुरुवातीला चिमट्यानेच घालत. एका चिमट्याने दुमडायची, दुसऱ्याने धरायची, आत नेऊन हलकेच सोडायची. त्यात दोन उणिवा होत्या. दुमडलेली लेन्स अधिक चिमट्याची पाती यांना चीर मोठी लागे. आणि आत जाता जाता लेन्स पापणीच्या कडेला, डोळ्याच्या पांढऱ्यावरच्या ओल्या त्वचेला घासू शके. ऑपरेशननंतर डोळ्यात जंतुसंसर्ग होतो तो बऱ्याचदा पेशंटच्या स्वतःच्या पापण्यांवरच्या जंतूंनी. इंजेक्टरने हा स्पर्श टळला. लेन्स नळीत, नळीचं टोक चिरेत. बाहेरच्या कशालाही न शिवता लेन्स आत. 'हात लागत नाही' या वाक्याचा गाभा हा आहे, आणि हा फायदा कार्ट्रिजवाल्या आणि प्रीलोडेड दोन्ही इंजेक्टरांना सारखाच मिळतो. हे तुम्हाला दोन्हीपैकी एकाही ठिकाणी सांगितलेलं दिसत नाही.

इंजेक्टर म्हणजे काय ते आता नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक दांडा, त्यात सरकणारा प्लंजर, आणि पुढे निमुळती होत गेलेली प्लास्टिकची नळी, ती कार्ट्रिज. कार्ट्रिजला मागे दोन पंख असतात. सिस्टर आधी तिच्यात चिकट पारदर्शक जेल भरते. आम्ही त्याला व्हिस्को म्हणतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली लेन्स डबीतून उचलून पंखांच्या मधल्या खोबणीत ठेवते, दोन्ही पाय ठरलेल्या बाजूला वळवते, पंख मिटते. मिटताना लेन्स दुमडते. कार्ट्रिज दांड्यात बसते आणि प्लंजर लेन्सच्या मागच्या कडेला येऊन टेकतो. काही इंजेक्टरांत स्क्रू फिरवून प्लंजर पुढे जातो, त्याला दोन हात लागतात पण गती अगदी ताब्यात राहते. काही सुईच्या सिरिंजसारखे अंगठ्याने दाबायचे. त्यात दुसरा हात मोकळा राहतो, तो डोळा स्थिर धरायला उपयोगी. मला स्क्रूचा आवडतो, माझ्या नवऱ्याला दाबायचा. तो शेजारच्या टेबलावर ऑपरेट करतो आणि निकाल दोघांचे सारखे येतात.

आत काय होतं? नळीचं तिरकं कापलेलं तोंड खाली करून टोक चिरेत घालायचं. पुढचा पाय पिशवीच्या गोल तोंडाखाली जातोय हे डोळ्यांनी बघायचं. मग हळूहळू ढकलायचं. लेन्स बाहेर येते आणि उलगडायला लागते, आणि इथे थांबायचं. ती शांतपणे पसरली की मागचा पाय एका बारीक आकड्याने आत बसवायचा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने थोडी फिरवायची म्हणजे दोन्ही पाय पिशवीच्या कुशीत सरकतात. शेवटी लेन्सच्या पुढचं आणि मागचंही जेल धुऊन काढायचं. ते राहिलं तर दुसऱ्या दिवशी डोळ्याचा दाब वाढलेला सापडतो. हे सगळं जुळून आलं तर मिनिट-दीड मिनिटाचं काम.

काही सर्जन टोक पूर्ण आत न घालता चिरेच्या तोंडाशीच टेकवतात आणि चिरेच्या बोगद्यातून लेन्स ढकलतात. त्याने चीर आणखी लहान राखता येते. पण डोळा मागे पळू नये म्हणून दुसऱ्या हाताने आधार द्यावा लागतो आणि हात सरावाचा हवा. मी ते नेहमी करत नाही. चीर लहान आणि टोक जाड असं दिसलं तर जोर लावण्यापेक्षा ब्लेडने चीर किंचित वाढवते. ताणून फाटलेली चीर नीट मिटत नाही. कापून वाढवलेली मिटते.

बिघडतं कुठे, तेही सांगते, म्हणजे प्रीलोडेडचं मोल कळेल. लेन्स भरताना उलटी ठेवली गेली तर ती डोळ्यात उलटी उलगडते. मागचा पाय प्लंजर आणि नळीची भिंत यांच्यामध्ये अडकला तर तो तुटू शकतो. प्लंजर लेन्सच्या कडेला टेकायच्या ऐवजी तिच्यावर चढला तर लेन्सवर ओरखडा येतो किंवा ती फाटते. जेल कमी पडलं, किंवा लेन्स दुमडून फार वेळ ठेवली, तर ती नळीला चिकटते. यातलं एक मी स्वतः केलं आहे. मी नवखी होते, एका ठिकाणी शिबिराच्या पेशंटांची लांब यादी होती, आणि वेळ वाचावा म्हणून पुढच्या दोन-तीन लेन्स आधीच भरून ठेवल्या होत्या. मला ते दिसत होतं. मी हरकत घेतली नाही. तिसऱ्या पेशंटला प्लंजर जड लागला. त्या क्षणी थांबून कार्ट्रिज बाजूला ठेवायला हवी होती. मी जोर दिला. लेन्स एकदम सुटली, मागचा पाय तुटलेला. ती डोळ्याच्या आतच कात्रीने कापून बाहेर काढली, चीर वाढवून दुसरी घातली, एक टाका घालावा लागला. पिशवी शाबूत राहिली म्हणून त्या बाईंना पुढे चांगलं दिसलं. त्या दिवसापासून माझे दोन नियम आहेत : पिशवी रिकामी झाल्याशिवाय लेन्स भरायची नाही, आणि प्लंजर जड लागला तर लेन्स फेकून द्यायची. माझ्या सिस्टर आता मला न विचारता हे पाळतात.

प्रीलोडेडमध्ये लेन्स कारखान्यातच इंजेक्टरमध्ये ठरलेल्या जागी बसवून, निर्जंतुक करून, सीलबंद येते. बहुतेकांत ती पाकिटात दुमडलेली नसते, सपाट असते. वापरायच्या वेळी जेल सोडून पंख मिटले किंवा प्लंजर पुढे सारला की दुमडते. उलटी भरण्याचा धोका जवळजवळ जातो. डबीतून उचलताना खाली पडणं, चिमट्याचा ओरखडा, पाय चुकीचा वळणं, हे सगळं कमी होतं. इंजेक्टरच एकदा वापरून टाकायचा, म्हणजे दांडा नीट धुऊन निर्जंतुक केला गेला का ही काळजीही गेली. आपल्याकडे पावसाळ्यात ओटीतली हवा कोरडी राखणं आणि धातूच्या हत्यारांना गंज न लागू देणं हे एक वेगळंच काम असतं, त्यामुळे मला हा मुद्दा छोटा वाटत नाही. वेळही वाचतो. दिवसाला पंधरा-वीस ऑपरेशनं असतील आणि भरणारी सिस्टर दुपारनंतर थकत असेल तर प्रीलोडेडने चुका नक्कीच कमी होतील.

पण प्रीलोडेड काय करत नाही हे जास्त महत्त्वाचं. जेल कमी घातलं तर तीही चिकटते. घाईने ढकलली तर तीही उसळते. डोळ्याचं मोजमाप चुकलं असेल तर चुकीच्या नंबरची लेन्स तितक्याच सुबकपणे आत जाईल. जंतुसंसर्ग रोखण्याचं मुख्य काम इंजेक्टर करत नाही. ते ऑपरेशनआधी पापण्या आणि डोळा ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनने धुणं करतं. ते डोळ्यात घालून तीन मिनिटं थांबायला हवं. ती तीन मिनिटं कुणी गाळू नयेत. शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडतात, त्याचाही मोठा आधार असतो. युरोपातल्या सर्जनांच्या संघटनेच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आत अँटिबायोटिक न दिलेल्या पेशंटांत संसर्गाचं प्रमाण सुमारे पाचपट दिसलं होतं. आपल्याकडे बरेच जण त्यासाठी मॉक्सिफ्लॉक्सासिन वापरतात, मीही. साडेचार हजार वाचवायचे की द्यायचे यावर घरात वाद घालण्याआधी या दोन गोष्टी तिथे रोज होतात का, ते विचारा.

लेन्सच्या पदार्थाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण 'फोल्डेबल' या एका शब्दाखाली दोन जाती विकल्या जातात. हायड्रोफिलिक ॲक्रिलिकमध्ये साधारण पाव हिस्सा पाणी असतं. ती पाण्याच्या बाटलीत येते, मऊ असते, पटकन उलगडते, अगदी लहान चिरेतून जाते आणि स्वस्त पडते. हायड्रोफोबिकमध्ये पाणी जवळजवळ नसतं, ती बहुधा कोरडी येते आणि सावकाश उलगडते. थंडीत ती कडक होते. ओटीत एसी वीस अंशांवर असला की हे हाताला जाणवतं. लेन्स गरम डोळ्यात गेल्यावर सैल पडते. सर्जनला ही सावकाशी हवीशी असते, कारण पाय कुठे जातोय ते बघायला सवड मिळते. चांगल्या चौकोनी कडेच्या हायड्रोफोबिक लेन्सनंतर पिशवीचा मागचा पडदा पुढे काही वर्षांनी गढूळ होण्याचं प्रमाण कमी राहतं. तो गढूळ झालाच तर लेझरने पाच मिनिटांत साफ होतो, त्याने घाबरू नका. हायड्रोफिलिकची एक गोष्ट मी मनात ठेवते : अशा डोळ्यात पुढे कधी हवा किंवा गॅस भरायची वेळ आली, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचं (रेटिनाचं) किंवा बुबुळाचं ऑपरेशन करावं लागलं, तर लेन्सवर कॅल्शियम साचून ती पांढुरकी होऊ शकते. आईंना मधुमेह असेल आणि रेटिनावर त्याची खूण दिसत असेल तर मी हायड्रोफोबिकच घालेन, मग ती प्रीलोडेड असो वा नसो.

आता तुमचे दोन्ही दर परत बघा. तो साडेचार हजारांचा फरक इंजेक्टरचा आहे की लेन्सच्या जातीचा? पुष्कळदा प्रीलोडेड म्हणून जी दाखवतात ती हायड्रोफोबिक असते आणि साधी म्हणून जी दाखवतात ती हायड्रोफिलिक. मग पैसे तुम्ही पदार्थाचे देत असता आणि समजूत इंजेक्टरची असते. दोन्ही लेन्सचं नाव आणि पदार्थ कागदावर लिहून मागा. पदार्थ वेगळा निघाला तर, जमत असेल तर, पैसे द्यावेत असं माझं मत आहे. पदार्थ एकच, फक्त भरण्याची पद्धत वेगळी, आणि घरात पैशाची ओढाताण असेल, तर हाताने भरलेली लेन्स निर्धास्त घ्या, मात्र तो सर्जन आणि ती सिस्टर रोज तीच वापरत असतील तर. रोजचा हात बसलेलं साधं साधन हे पहिल्यांदाच उघडलेल्या महागड्या साधनापेक्षा मी केव्हाही पसंत करीन. उलटही खरं : जिथे वर्षभर प्रीलोडेडच वापरतात तिथे तुमच्या आग्रहाखातर कार्ट्रिज भरायला लावू नका. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर त्यावर कोणती लेन्स बसते हे काउंटरवर आधी विचारून घ्या. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातही दाखवू शकता.

माझ्या स्वतःच्या ओटीत काय? सध्या बहुतेक पेशंटांना प्रीलोडेड. कारण माझ्या दोन जुन्या सिस्टरपैकी एक निवृत्त झाल्या आणि नव्या मुलीचा हात अजून तयार होतोय. तिला भरायला शिकवते आहेच, कारण प्रत्येक नंबरची आणि प्रत्येक प्रकारची लेन्स प्रीलोडेड मिळत नाही, आणि अडीअडचणीला लागणारी लेन्स हातानेच भरावी लागते.

त्या अडीअडचणीबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. क्वचित, चांगल्या हातातही, पिशवीचा मागचा पडदा फाटतो. तशा वेळी एकसंध ॲक्रिलिकची नेहमीची लेन्स पिशवीच्या पुढे ठेवून चालत नाही. तिचे जाड पाय बाहुलीच्या पडद्याला मागून घासत राहतात, रंगाचे कण सुटतात, दाब वाढतो, रक्त उतरतं. तिथे बारीक तारेच्या पायांची, तीन भागांची लेन्स लागते, आणि ती त्याच नंबरच्या आसपासची, कपाटात तयार असावी लागते. पिशवीचा आधारच उरला नाही तर लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत अडकवण्याच्या पद्धती आहेत. चेन्नईच्या अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये गोंदाने पाय चिकटवण्याची पद्धत काढली, जपानच्या यामाने यांनी पुढे बारीक सुईतून पाय ओढून घेण्याची. तुमच्या डॉक्टरांना शांतपणे विचारा : 'पडदा फाटलाच तर तुमच्याकडे तीन भागांची लेन्स असते का?' चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही. मला तर विचारणाऱ्याबद्दल आदर वाटतो.

आईंच्या बाबतीत ऑपरेशनआधी आणखी काही बघायला हवं. उजवा जास्त पिकलेला आहे म्हणता, तर तो किती कडक, हे बाहुली मोठी करून पाहिल्यावरच ठरेल. फार कडक असेल तर फेकोऐवजी काकांची पद्धत सुचवली जाईल, आणि मग प्रीलोडेडचा प्रश्नच उरणार नाही. बाहुलीच्या कडेला कोंड्यासारखी पांढरी पूड दिसते का तेही पाहतात. ती असली तर पिशवीला धरून ठेवणारे तंतू कमजोर असतात, लेन्सआधी पिशवीत आधाराचं वळं घालावं लागू शकतं, आणि अशा डोळ्यात इंजेक्टर फार हळू चालवावा लागतो. आई घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. वाळपईकडचे एक काजूबागायतदार माझ्याकडे आले होते. 'कसलंच औषध नाही' म्हणाले, आणि जाताना खिशातून प्रोस्टेटच्या गोळ्यांची पट्टी निघाली, टॅमसुलोसिनची. त्या गोळीने बाहुलीचा पडदा ढिला पडतो, ऑपरेशनमध्ये फडफडतो आणि चिरेतून बाहेर यायला बघतो. आधी कळल्यामुळे मी तयारीत होते, बाहुली आकड्यांनी धरून ठेवली, लेन्स नीट बसली. स्त्रियांनाही लघवीच्या तक्रारीसाठी ही गोळी कधी कधी दिलेली असते.

लेझरचं कुणी सांगितलं तर गोंधळू नका. लेझरने चीर आणि पिशवीचं तोंड करता येतं. लेन्स मग इंजेक्टरनेच जाते.

आईंना सांगा की लेन्स जाताना दुखत नाही. डोळा थेंबांनी किंवा इंजेक्शनने बधिर केलेला असतो. थोडा दाब जाणवतो, थंड पाणी जाणवतं, उजेड हलताना दिसतो. तेव्हा बोलायचं नाही, मान हलवायची नाही, आणि खोकला येतोय असं वाटलं तर आधी सांगायचं. माझ्याकडे एक आजी सगळा वेळ मनात आरती म्हणत होत्या, ओठ हलत होते पण मान अजिबात नाही. त्यांची लेन्स इतकी सुरेख बसली की मी ते चित्र नव्या डॉक्टरांना दाखवते.

चवथीपूर्वी, म्हणजे गणेशचतुर्थीपूर्वी, उरकायचं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. चवथीला किमान तीन आठवडे असतील तर उजवा डोळा करून घ्या. त्याहून कमी दिवस उरले असतील तर चवथ होऊन जाऊ दे. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला वर मान करून उभं राहणं, चुलीचा धूर, घरभर पाहुणे, डोक्यावरून आंघोळ, हे सगळं आई करणारच, कितीही सांगितलं तरी. डावा डोळा उजव्याचा चष्म्याचा नंबर स्थिरावल्यावर करा. उजव्यात जी लेन्स घातली तिच्या पाकिटावरचा स्टिकर फाईलमध्ये लावून देतात. त्यावर लेन्सचं नाव आणि नंबर असतो. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. डाव्याच्या वेळी डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील.